चढताना सैल, उतरताना घट्ट

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहून दिलं आहे.)



सचिवसाहेबांनी मला सांगितलं, "काका, पंधरा मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा." बँकेतून निवृत्त झालेला माणूस, म्हणजे हा आता मुदत ठेवी आणि नामांकनावर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. नामांकनाचे फॉर्म अकरा जणांनी अजून भरलेले नाहीत, एवढंच त्या विषयावर बोलतो आणि तो संपवतो. (हशा) आज मी ही पिशवी घेऊन आलोय. व्यासपीठावर पादत्राणं आणल्याबद्दल आधीच माफी मागतो. खाली वर्तमानपत्र पसरलं आहे, आणि ते कालचं आहे.

हे माझे बूट. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाहिले आहेत, काहींनी त्यांना नावंही ठेवली आहेत. ए विंगमधली मुलं त्यांना "आबांची बोट" म्हणतात. या बुटांचा एकही भाग आता कंपनीतून आला तसा राहिलेला नाही. ते का, हे आज सांगायचं आहे.

आपल्या सोसायटीची एक प्रथा आहे. इमारतीचा ताबा मिळाला त्या वर्षापासून, दिवाळीनंतर एका रविवारी आपण महाडहून पाचाडमार्गे हिरकणीवाडीला जातो आणि रायगड चढतो. मधली कोविडची वर्षं सोडली तर यात खंड नाही. हिरकणीवाडीत उतरलं की आपले दोन तट पडतात. एक पाळणावाले, म्हणजे रोपवेने जाणारे. १९९६ साली तो सुरू झाला आणि चार-पाच मिनिटांत माणूस वर जायला लागला. दुसरे पायरीवाले. चौदाशेहून जास्त पायऱ्या. पायरीवाले पाळणावाल्यांकडे जरा वरून बघतात, आणि वर पोचल्यावर पाळणावाले पायरीवाल्यांची वाट बघत चहा पिऊन मोकळे झालेले असतात. मी पहिल्यापासून पायरीवाला. नुसता पायरीवाला नाही, त्यांचा पुढारी.

हिरकणीची गोष्ट तर आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असते. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, आणि ती गवळण अंधारात कडा उतरून आली, असं सांगतात. एका वर्षी वाडीत चहा पिताना माझ्या नातवाने विचारलं, "आबा, तिच्या पायात काय होतं?" मी इतकी वर्षं ती गोष्ट ऐकतोय आणि सांगतोय, पण हा प्रश्न कधी मनात आला नव्हता. चहावाल्या मावशी म्हणाल्या, "काय असनार बाळा, पायच व्हते." त्या मावशी स्वतः डोक्यावर ताकाची कळशी घेऊन रबरी स्लीपरवर वर जातात. आणि त्यांच्या शेजारून मी, पायात दीड किलोचे बूट घालून, धापा टाकत. असो.

आमच्या तरुणपणी डोंगरात जायचं म्हणजे कॅनव्हासचे हंटर बूट. भिजले तर भिजले, वाळले तर वाळले, फाटले तर टाकले. त्यांच्यात सुधारणा करायला काही नव्हतंच. २०११ साली मी निवृत्त झालो आणि पुढच्या वर्षी लेकीकडे कॅनडात, कॅलगरीला गेलो. तिथे मला पहिल्यांदा कळलं की बूट विकत घेणं ही सुरुवात असते.

आमच्या जावयांना तिकडच्या रॉकी पर्वतात स्कीइंगचा नाद. ते यंत्राने वर नेऊन सोडणारं स्कीइंग नाही. स्वतःच्या पायांनी बर्फाचा डोंगर चढायचा आणि मग घसरत खाली यायचं. त्या बुटांना स्की टूरिंगचे बूट म्हणतात. बाहेरून टणक प्लास्टिकचं कवच, आत मऊ मोज्यासारखा जाड बूट, दोन्ही वेगळे निघतात. मागच्या बाजूला घोट्याच्या वर एक छोटी खिट्टी. चढताना खिट्टी उघडायची, म्हणजे घोटा मागे-पुढे हलतो आणि पाऊल टाकता येतं. वर पोचल्यावर खिट्टी लावायची, म्हणजे घोटा एकदम जखडला जातो, कारण उतरताना पाय आणि स्की एकजीव असावे लागतात. टाचेचंही तसंच. चढताना टाच पट्टीवरून मोकळी सुटते, उतरताना अडकवून टाकतात. चढणीवर मागे घसरू नये म्हणून स्कीच्या पोटाला केसाळ कापड चिकटवतात. पूर्वी त्यासाठी सीलचं कातडं असायचं, आता बोकडाच्या केसांचं किंवा नायलॉनचं. केस एकाच दिशेला असतात, त्यामुळे पुढे सरकतं, मागे नाही. मांजराच्या पाठीवरून हात फिरवून बघा, लगेच कळेल.

मी स्की काही केलं नाही. ते बूट घालून जावईबापूंच्या हॉलमध्ये दहा मिनिटं रोबोटसारखा चाललो, तेवढंच. पण त्यांच्याबरोबर मी एका दुकानात गेलो होतो. तिथला माणूस आधी पाय मोजतो. दोन्ही पाय, कारण दोन पाय सहसा सारखे नसतात. मग आतला मऊ बूट भट्टीत गरम करून गिऱ्हाइकाच्या पायावर बसवतो. कवच एखाद्या हाडाला लागत असेल तर तेवढीच जागा तापवून आतून दाबून बाहेर काढतो. जावई म्हणाले, "बाबा, हे बूट घेतल्यावर मी तीनदा इथे आलो, तेव्हा कुठे माझे झाले." बँकेत छापील फॉर्ममध्ये बसत नाही म्हणून मी कितीतरी अर्ज परत पाठवले असतील. इथे माणूस बसत नाही म्हणून बूट परत पाठवतात, हे मला नवीन होतं.

तिथे त्यांनी मला हे बूट घेऊन दिले. स्कीचे नव्हे, डोंगर चालायचे. कातडी, घोट्याच्या वर येणारे, वॉटरप्रूफ. किंमत मी विचारली नाही आणि त्यांनी सांगितली नाही.

त्या वर्षीच्या आपल्या सहलीत ते घालून हिरकणीवाडीला उतरलो. सगळ्यांनी वा वा केलं. महादरवाजापर्यंत दोन्ही टाचांना फोड, आणि उतरून आलो तेव्हा उजव्या करंगळीचं साल निघालेलं, अंगठ्याचं नख काळं-निळं. आपले पाय पुढून पसरट. लहानपणी अनवाणी वाढलेले. हे बूट अरुंद पावलाच्या लोकांसाठी बेतलेले.

मग मी बाजारपेठेतल्या आपल्या मामांकडे गेलो. मामा म्हणजे बूट-चपला दुरुस्त करणारे, तुम्ही सगळे ओळखता. त्यांनी बूट उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, माल चांगला आहे, पण तुमचा नाही." कॅनडातल्या माणसाने भट्टी लावून जे सांगितलं तेच मामांनी आरी-रापीच्या पेटीवर बसून सांगितलं. कातडं करंगळीच्या जागी ओलं केलं, आत लाकडी फर्मा घातला, ज्याला जुने लोक कालबूत म्हणत, आणि त्या फर्म्यावर नेमक्या त्या ठिकाणी कातड्याचा एक तुकडा ठोकून चार दिवस ठेवला. बूट तिथे फुगला. हे बघा, उजव्याला इथे टेंगूळ आहे, डाव्याला नाही. साठ रुपये.

खिट्टीची गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हती. आपल्या बुटांना खिट्टी नसते, पण नाडी असते. आणि आपण काय करतो, घरातून निघताना एकदा नाडी बांधतो ती संध्याकाळी सोडतो. मी प्रयोग सुरू केले. चढताना वरचे दोन हूक मोकळे सोडायचे, म्हणजे घोटा वाकतो आणि पोटरी भरून येत नाही. उतरायच्या आधी खाली बसायचं, टाच जमिनीवर ठोकून पाय मागे सरकवायचा, पावलाच्या उंचवट्यावर नाडीला एक नाही तर दोन पीळ द्यायचे आणि वरचे हूक करकचून बांधायचे. दोन पीळ दिले की खालची गाठ सैल पडत नाही. पाय बुटात पुढे सरकला नाही की बोटं आपटत नाहीत, नख काळं पडत नाही. होळीच्या माळावर मी बसतो आणि सगळ्यांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायला लावतो, ते यासाठी. "चढताना सैल, उतरताना घट्ट" असं ओरडतो म्हणून मुलं माझी नक्कल करतात, तेही मला माहीत आहे.

पावसाळ्याची गंमत वेगळी. वॉटरप्रूफ बूट बर्फाच्या देशात ठीक. आपल्या पावसात पाणी बुटातून येत नाही, ते पायावरून ओघळत वरून आत शिरतं. आणि एकदा शिरलं की वॉटरप्रूफ असल्यामुळे बाहेर जात नाही. प्रत्येक पायात पावशेर पाणी घेऊन मी एका जुलैत रायगड चढलो. दुसऱ्या दिवशी मामांना सांगितलं, भोकं पाडा. ते माझ्याकडे बघतच राहिले. प्रत्येक बुटाला आतल्या बाजूने, तळाच्या जरा वर, दोन पितळी आयलेट बसवले आणि खडे शिरू नयेत म्हणून आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चिकटवला. पाऊल टाकलं की पिचकारी उडते. व्हिडिओ कॉलवर जावयांना दाखवलं तर ते डोक्याला हात लावून म्हणाले, "बाबा, वॉटरप्रूफ बुटाला भोकं?" मी म्हटलं, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना जे जंगल बूट दिले त्यांना अशीच भोकं होती. हे मी नंतर शोधून काढलं होतं, पण आधीपासून माहीत असल्यासारखं सांगितलं.

मग २२ जुलै २०२१. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. त्या दिवशी सावित्रीचं पाणी कुठपर्यंत आलं याची खूण आपल्या पार्किंगच्या खांबावर आहे. तळियेला त्याच दिवशी जे झालं, त्यापुढे बुटांचं काय घेऊन बसायचं. पण जिन्याखालच्या कपाटातले हे बूट चौथ्या दिवशी चिखलातून निघाले, तेव्हा ही म्हणाली, "टाका ते." मी टाकले नाहीत. साध्या पाण्याने धुतले, आत वर्तमानपत्रं कोंबून सावलीत ठेवले, कागद दर सहा तासांनी बदलले. उन्हात ठेवले असते तर कातडं तडकलं असतं. बूट वाचले असं मला वाटलं, आणि मी ते माळ्यावर ठेवून दिले.

जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा सहल झाली. महादरवाजाच्या थोडं खाली मला वाटलं, पायरीवर काहीतरी मऊ लागतंय. पाहिलं तर उजव्या बुटाचा तळ जिभेसारखा लोंबतोय आणि पायऱ्यांवर मागे ओल्या केकसारखे तुकडे पडलेत. झालं काय, तर बाहेरचा रबरी तळ आणि कातडं यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा एक मऊ थर असतो. दमट हवेत ओलावा त्याला आतून हळूहळू खातो. वरून बूट नवा दिसतो, आतून भुगा झालेला असतो. आणि न वापरता बंद ठेवलेले बूट उलट लवकर जातात. आपल्या कोकणात तर विचारायलाच नको. सिंकिंग फंड वेळेवर न भरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. (हशा) वाडीतला एक मुलगा पाण्याच्या बाटल्या घेऊन वर चालला होता. त्याने पिशवीतून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली, बूट गुंडाळून बांधला आणि म्हणाला, "आता जावा काका, दिल्लीपर्यंत." पैसे घेतले नाहीत.

मामांनी सगळा भुगा खरवडून काढला आणि सोल्यूशन लावून, कडेने नायलॉनच्या दोऱ्याने शिवून टायरचा तळ बसवला. हा तळ जन्मभर टिकला असता, पण ओल्या दगडावर तो साबणासारखा जायचा. टायरचं रबर कडक. आपला काळा दगड पकडायला मऊ रबर लागतं, ते लवकर झिजतं खरं, पण धरतं. मग पुन्हा टायर काढून दुसऱ्या एका स्वस्त बुटाचा मऊ खुंट्यांचा तळ बसवला. शेवाळावर कुठलाच तळ टिकत नाही, तिथे पाऊल कुठे टाकायचं तेच बघावं लागतं.

आता जे सांगणार आहे, ते मी आजवर फक्त घरात बोललो आहे.

नवा तळ बसल्यावर बूट आतून थोडा सैल वाटायला लागला. मामांकडे पुन्हा जाण्याऐवजी मी स्वतःच योगाच्या जुन्या चटईचा तुकडा कापला आणि आत टाकला. इतकी वर्षं बघतोय, आपल्यालाही येतं, असं वाटलं. त्या डिसेंबरच्या सहलीला जगदीश्वराच्या देवळात जायला मी बूट काढले. हिरोजी इंदुलकरांच्या नावाची पायरी आहे ना, तिथून नातू पुढे गेला आणि वळून म्हणाला, "आबा, तुमचा मोजा लाल झालाय."

बघितलं तर रक्त. चटईची कड दुमडून करंगळीच्या मुळाशी सुरीसारखी घासत होती, चौदाशे पायऱ्या. आणि मला काही कळलं नव्हतं. फोड नाही, आग नाही, काही नाही. मला २००९ पासून मधुमेह आहे. सकाळी गोळी घेतली की तो विषय माझ्यापुरता संपायचा. त्या पायरीजवळ बसून मी पहिल्यांदा बोटाने दाबून पाहिलं. हाताला पाय लागत होता, पायाला हात लागत नव्हता.

बी विंगमधल्या दोघांनी माझी पिशवी घेतली, एकाने स्वतःचे सँडल दिले आणि मी पाळण्यातून खाली आलो. पायरीवाल्यांचा पुढारी. कोणी एक शब्द बोललं नाही, त्याबद्दल त्या सगळ्यांचे आज इथे आभार मानतो. इतके दिवस मानायचे राहिले.

डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक दोरा तळपायाला टेकवला. दहा ग्रॅम दाब पडला की वाकतो तो. मला डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाले, "काका, लागला की हो म्हणा." मी बराच वेळ गप्प होतो. मला वाटलं त्यांनी अजून सुरुवातच केली नाही. डोळे उघडले तर ही खिडकीतून बाहेर बघत होती आणि डॉक्टर कागदावर लिहीत होते. जखम भरायला अकरा आठवडे लागले. त्या काळात हिने हे बूट दोनदा भंगारवाल्याला द्यायला काढले आणि मी दोनदा परत आणले. तिसऱ्यांदा तीच त्यांच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "मामांना दाखवा. तुम्ही हात लावायचा नाही."

मामांनी बुटातलं सगळं बाहेर काढलं आणि डोळे मिटून आत बोटं फिरवली. दोन ठिकाणी थांबले. एक जुनी शिवण आणि एक गोंदाचा टणक थेंब, दोन्ही काढले. मग डॉक्टरांनी सांगितलेल्या एमसीआर रबराचा सपाट तळ आत बसवला, कडा कातड्याखाली दाबून. बधिर पायांसाठी आपल्या देशात हे रबर पूर्वीपासून वापरतात. कुष्ठरोगाने पायाची जाणीव गेलेल्यांसाठी वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी जे काम केलं त्यात पादत्राणांचा मोठा भाग होता. ज्याला पाय सांगत नाही की लागतंय, त्याच्या वतीने बुटाने काळजी घ्यायची. मधुमेह असलेल्यांनी, आणि आपल्या इमारतीत आम्ही बरेच आहोत, एवढं करावं: बूट घालण्याआधी आत हात घालून बघा. खडा, दुमडलेला तळ, काहीही असेल. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. आणि रोज रात्री तळपाय बघा. स्वतःला दिसत नसेल तर आरसा घ्या. माझे तळपाय ही बघते, चष्मा लावून, बातम्या चालू असताना. बोलत काही नाही. बोट एखाद्या ठिकाणी थांबलं की मी आवाज बंद करतो.

या फेब्रुवारीत डॉक्टरांची परवानगी काढून मी पुन्हा हिरकणीवाडीला गेलो. पायऱ्यांनी चढलो, तीन ठिकाणी बूट काढून मोजे तपासले. मावशींनी ताक दिलं आणि म्हणाल्या, "लई दिसांनी." जगदीश्वरापाशी मोजे घालूनच आत गेलो, देव समजून घेईल. उतरताना मात्र आता पाळणा. उतारावर बोटांवर भार फार येतो, तो डॉक्टरांनी बंद केलाय. म्हणजे मी आता अर्धा पायरीवाला आणि अर्धा पाळणावाला, दोन्ही तटांनी मला सभासद करून घ्यावं.

तरीसुद्धा वरच्या स्टेशनवर जाण्याआधी मी होळीच्या माळावर बसतो, टाच ठोकतो, नाडीला दोन पीळ देतो आणि वरचे हूक आवळतो. ही म्हणते, "पाळण्यात बसायला नाड्या कशाला आवळताय?" मी काही बोलत नाही, आवळतो.

यंदाची सहल दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी. सकाळी सहाला गेटवर. मोज्यांचे दोन जोड आणा. नवे बूट घेणार असाल तर आत्ताच घ्या आणि पंधरा दिवस घालून जिना चढा-उतरा. तसंही आपली लिफ्ट बंदच असते. (हशा) मामा मंगळवारी बसत नाहीत.